सात आणि तीन वर्षांची मुलं, तंबूत पहिल्यांदाच दोन रात्री. तयारी कशी करू?

दोघांची_आई

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं दोन रात्री तंबूत राहायला निघालोय. मुलगी सात वर्षांची, मुलगा नुकताच तीनचा झालाय. नवऱ्याची लग्नाआधीची सगळी भटकंती पाठीवर एक सॅक टाकून झालेली, त्यामुळे तो म्हणतो, "मुलं कुठेही झोपतात, तू सामान वाढवू नकोस." मी मात्र तंबूत कधीच राहिलेले नाही. मुलांसाठी नेमकं काय लागेल याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहत नाहीये.

जागेबद्दल जे कळलंय ते सांगते. पायथ्याच्या गावापेक्षा ती साधारण १००० मीटर उंच आहे. त्या दिवसांत पायथ्याला रात्री १२ अंशांपर्यंत उतरतं म्हणे. गाडी तंबूपासून पाच मिनिटांच्या चालीवर लागते. वीज नाही. पाणी ओढ्याचं. स्वच्छतागृह आहे, पण उतरून जावं लागतं.

ओळखीतून चार माणसांचा तंबू मिळालाय आणि मोठ्यांच्या मापाच्या चार स्लीपिंग बॅगा. बॅगांवर ५° असं लिहिलंय. तेवढं पुरेल का?

आणखी काही गोष्टी. मुलगी अंधाराला घाबरते. मुलगा कधीकधी रात्री अंथरूण ओलं करतो, आणि सर्दी झाली की त्याच्या छातीत घरघर सुरू होते, मग पंप द्यावा लागतो. मुलीला शेकोटीची प्रचंड हौस आहे, आत्तापासून रोज विचारते.

जाणकारांनी सांगावं.

---

रानवाट

ताई, तुम्ही प्रश्न रात्रीपासून सुरू केलात हे फार बरं झालं. बहुतेकांची यादी दिवसापासून सुरू होते: खेळ कुठले न्यायचे, खाऊ कुठला न्यायचा. मी बरीच वर्षं मुलांची निवासी शिबिरं घेते, माझी स्वतःची दोघंही तंबूत जा-ये करतच मोठी झाली. दिवसा मुलांना काही कमी पडत नाही. दगड, काटक्या, पाणी, माती एवढ्यावर त्यांचा दिवस सरतो. सहल ठरते ती रात्री. मूल उबेत आणि बिनघोर झोपलं तर सकाळी बाकी सगळं आपोआप जमतं. तेच मध्यरात्री कुडकुडत उठलं, तर पुढे कित्येक वर्षं तंबूचं नाव काढू देत नाही. म्हणून तुमचा वेळ, पैसा आणि गाडीतली जागा आधी रात्रीला द्या, मग उरेल ते बाकीच्याला.

आधी थंडीचा हिशेब. उंची वाढते तसं दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याला १२ असेल तर तुमच्या जागी पाच-सहा अंश धरून चाला. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर त्याहूनही खाली जाईल, कारण जमीन रात्रभर आपली ऊब आभाळाकडे सोडत राहते. शिवाय थंड हवा जड असते, ती उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. ओढ्याकाठचा सपाट तुकडा दिवसा सगळ्यांत सुंदर दिसतो आणि रात्री तोच सगळ्यांत गार असतो. थोडं वरच्या अंगाला सरका. वरच्या बाजूला पाऊस झाला आणि ओढ्याला अचानक पाणी आलं, तरी मग तुम्ही त्याच्या वाटेत नसाल. तंबूवर वाळलेली फांदी लोंबत नाही ना, हेही मान वर करून बघा.

आता त्या ५° बद्दल. बॅगेला आतून शिवलेली पट्टी पुन्हा एकदा नीट वाचा. स्लीपिंग बॅगांच्या तापमानासाठी २००२ मध्ये ईएन १३५३७ हे युरोपीय मानक आलं, पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ ने घेतली. त्यातले आपल्या कामाचे तीन आकडे: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट हा आकडा काढताना २५ वर्षांची, ६० किलोची बाई सैलावून झोपू शकते असं धरलेलं असतं. लिमिटला २५ वर्षांचा, ७० किलोचा पुरुष अंग आखडून का होईना, रात्र काढतो. एक्स्ट्रीम म्हणजे निव्वळ जीव वाचवण्याचा आकडा, त्यात झोप येणं अपेक्षितच नाही. दुकानात बऱ्याचदा यातला सगळ्यांत लहान आकडा ठळक छापलेला असतो. तुमचे ५° जर लिमिटचे असतील तर तुम्हाला स्वतःलाच थंडी वाजेल, मुलांची तर गोष्टच सोडा.

आणि मुलं या हिशेबात धरलेलीच नाहीत. हे मानक मुलांच्या बॅगांना लागू होत नाही. लहान शरीराची त्वचा त्याच्या वजनाच्या मानाने जास्त असते, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. त्यातून मोठ्यांच्या बॅगेत तीन वर्षांचं मूल घातलं की पायाशी जी रिकामी जागा राहते ती गरम करायचं कामही त्याच्याच अंगावर पडतं. बॅगेचा खालचा भाग बाहेरून दुमडून दोरीने घट्ट बांधा, मुलाच्या मापाची बॅग होते, आणि ते आत घसरून तोंडावर कापड येण्याची भीतीही राहत नाही. तुमची गाडी जवळच आहे, तेव्हा घरातली जाड ब्लँकेटं बिनदिक्कत भरा. पाठीवर वाहून न्यायचं असतं तेव्हाचे नियम इथे लावायची गरज नाही. तुमच्या यजमानांनाही हे सांगा.

बॅगेपेक्षाही लोक जिची हेळसांड करतात ती गोष्ट म्हणजे खालची मॅट. बॅगेत आपण ज्या बाजूवर झोपतो ती बाजू दबून जाते, तिच्यात हवा उरत नाही, म्हणजे ऊबही उरत नाही. थंडी वरून जेवढी येते त्याहून जास्त खालून, जमिनीतून येते. ऊब राखायची मॅटची ताकद आर-व्हॅल्यू या आकड्याने मोजतात. घडी घालायच्या साध्या फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू २ च्या आसपास असते. पाच अंशांना मला ती एकटी अपुरी वाटते. पण हे आकडे बेरजेने वाढतात, म्हणून एकावर एक दोन फोम मॅट टाकल्या की काम होतं. आत नुसती हवा भरायची जाड गादी मऊ असते, पण आतली हवा फिरत राहून अंगाची ऊब जमिनीला देऊन टाकते. ती नेणारच असाल तर तिच्यावर फोमची मॅट टाका, तेवढ्याने फरक पडतो.

झोपायचे कपडे वेगळे ठेवा आणि दिवसा ते कुणालाही घालू देऊ नका. दिवसभर घातलेले सुती कपडे घामाने दमट झालेले असतात, हाताला कोरडे लागले तरी. ते काढून पूर्ण कोरडे कपडे, कोरडे मोजे, कानटोपी, एवढं केलं की निम्मं काम झालं. झोपायच्या आधी थोडं खायला द्या, पोटात काही असेल तर अंग गरम राहतं. झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत कोमट पाणी भरून ती मोज्यात घालून पायाशी ठेवली की मुलं पाच मिनिटांत झोपतात. पाणी कोमटच हवं, उकळतं नको.

"चार माणसांचा तंबू" म्हणजे चार मॅट एकीला एक चिकटून कशाबशा मावतात एवढाच अर्थ. तुमच्यातला एक छोटा आहे, म्हणून सामान गाडीत ठेवलंत तर जमेल. वरचे हवेचे झरोके थंडी वाटली तरी बंद करू नका. चौघांच्या श्वासातली वाफ रात्रभर आतल्या कापडावर पाणी होऊन बसते आणि पहाटे तेच बॅगांवर ठिबकतं.

आणि निघण्याआधी घरीच एकदा तंबू उभा करा. अंगण असेल तर अंगणात, गच्ची असेल तर गच्चीत, काहीच नसेल तर घरातल्या घरात जेवढा होईल तेवढा. सगळे खांब, सगळ्या खुंट्या, तणावे (तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या) मोजून घ्या. मग मुलांना घेऊन त्यात एक रात्र झोपा, दिवे मालवून. मुलीला चेन स्वतः उघडून स्वतः लावू द्या. आपल्याला आतून बाहेर पडता येतं, हे हाताला कळलं की निम्मी भीती जाते.

---

सॅक_पाठीवर

रानवाट यांनी थंडीचं सविस्तर लिहिलंय, त्यामुळे मी फक्त पाण्याचं आणि कामांचं सांगतो.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पाजू नका. खळखळून उकळी आल्यावर पूर्ण एक मिनिट उकळू द्या. २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. क्लोरीनच्या गोळ्या वापरणार असाल तर पाकिटावर लिहिलेला वेळ पाळा, साधारण अर्धा तास थांबावं लागतं. पाणी गार आणि गढूळ असेल तर त्याहून जास्त. गाडीने जाताय तर पिण्याचं पाणी घरूनच कॅनमध्ये न्या आणि ओढ्याचं भांडी-पाय धुवायला ठेवा, मला तरी हेच सोपं वाटतं. भांडी ओढ्यात बुडवून घासू नका. पाणी काढून ६० मीटर लांब घेऊन जा, साबण ओढ्यात जाता कामा नये.

दुसरं, प्रत्येकाला डोक्याला लावायची टॉर्च, तीन वर्षांच्यालाही. हातातली टॉर्च मूल खाली ठेवतं आणि विसरतं. लाल दिव्याची सोय असलेली मिळाली तर घ्या. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एकदा डोळ्यांवर पडला की ते सगळं पुसलं जातं. लाल उजेडात तसं होत नाही, चांदण्या बघायच्या असतील तर हे लक्षात ठेवा.

तिसरं, मुलांना खरी कामं द्या. सात वर्षांची मुलगी खुंट्या मोजू शकते, मॅट पसरू शकते, प्रत्येक तणाव्याला चमकणारी फीत किंवा पांढरी चिंधी बांधू शकते. तणावे अंधारात दिसत नाहीत आणि मुलं सगळ्यांत जास्त पडतात ती त्यांनाच अडखळून.

शेकोटीबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. ती हवीच. मुलीला नाही म्हणू नका. आयुष्यभर लक्षात राहतं.

---

मोकळी_हवा

शेकोटी हवीच. आणि तिचा दुहेरी फायदा सांगतो. झोपायच्या वेळी धूर गेलेले लाल निखारे लोखंडी पाटीत भरून तंबूच्या दाराशी आतल्या बाजूला ठेवायचे. अर्ध्या तासात आत इतकं उबदार होतं की मुलांना बॅगाही लागत नाहीत. आम्ही नेहमी असंच करतो.

---

रानवाट

मोकळी_हवा, हे कृपा करून पुन्हा कधी करू नका आणि कुणाला सुचवूही नका. ताई, वरची सूचना अजिबात पाळू नका.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर गेलेले निखारे हे जास्त फसवे, कारण धूर नसला की माणसाला सगळं सुरक्षित वाटतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, तो झोपेतच जातो. मुलांचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो, म्हणून त्यांना आधी बाधतं. दार उघडं ठेवलं, झरोका उघडा ठेवला, म्हणून चालतं असं नाही. निखारे, शेगडी, गॅसचा स्टोव्ह, कंदील, गॅसचा हीटर, यातलं काहीही तंबूत नको, आणि तंबूच्या पुढच्या ओसरीतही नको. पाऊस आला तरी नको. पावसात न शिजवता खाता येईल असं एका वेळचं जेवण याचसाठी बरोबर ठेवायचं. शिवाय तंबूचं कापड पेटायला वेळ लागत नाही.

कुणाला तंबूत डोकं दुखायला लागलं आणि गुंगी वाटली, तर आधी सगळ्यांना बाहेर काढा, कारण नंतर शोधा, आणि वैद्यकीय मदत मिळवा.

शेकोटीवर मी स्वतंत्र लिहिते, तिच्याबद्दल माझं मत सॅक_पाठीवर यांच्यापेक्षा वेगळं आहे. पण हे आधी सांगणं भाग होतं.

---

बालवॉर्ड_नर्स

रानवाटताईंना दुजोरा. मी मुलांच्या वॉर्डात काम करते, त्या बाजूने थोडं.

मुलाच्या पंपासाठी निघण्याच्या आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा आणि "घरघर वाढली तर काय, किती, कधी" हे कागदावर लिहून घ्या. पंपाबरोबर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क विसरू नका, तीन वर्षांच्या मुलाला त्यांच्याशिवाय औषध नीट पोचत नाही. किती वेळा दाबायचं शिल्लक आहे ते बघा, किंवा सरळ एक नवा पंप जास्तीचा घ्या. पंप गाडीत राहू देऊ नका. थंडीत दाबाचा पंप नीट फवारत नाही. रात्री तो तुमच्या बॅगेत, तुमच्या अंगाशी असू द्या. द्यायच्या आधी मुठीत धरून थोडा गरम करा. जवळचं दवाखाना असलेलं गाव कुठलं आणि तिथे जायला किती वेळ लागतो हे आधीच विचारून ठेवा. तंबूपाशी फोनला रेंज नसेल तर ती कुठे मिळते हे पोचल्या पोचल्या बघून घ्या.

बाकी पेटीत: थर्मामीटर, तापाचं औषध (तुमच्या मुलांच्या वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेलं माप बाटलीवरच लिहून), जलसंजीवनीची पाकिटं, बँडेज, जाळीची पट्टी, बारीक चिमटा. जलसंजीवनी पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात एका वेळी पूर्ण पाकीट टाकून करायची, अर्ध्या ग्लासात थोडीशी पूड असं अंदाजाने नाही. क्षारांचं प्रमाण बिघडलं तर मुलाला त्रास होतो.

भाजलं तर लगेच त्या जागेवर वाहतं गार पाणी सोडा, पूर्ण वीस मिनिटं. तीन तासांच्या आत केव्हाही सुरू केलं तरी फायदा असतो. बर्फ, टूथपेस्ट, तूप, काही नाही. तेवढा वेळ मुलाच्या बाकीच्या अंगावर ब्लँकेट, नाहीतर ते गारठतं. मोठा फोड, चेहरा, हात किंवा सांध्यावरचं भाजलं असेल तर थेट दवाखाना.

डासांसाठी डीट (डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम चालतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स दोन महिन्यांखालच्या बाळांना ते लावू नका म्हणते आणि मुलांसाठी ३० टक्क्यांपर्यंतचं घ्या म्हणते. मुलांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ नाही, कारण हात तोंडात जातात. उन्हाचं क्रीम लावणार असाल तर ते आधी, डासांचं नंतर. झोपण्यापूर्वी पुसून काढा. संध्याकाळ झाली की पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, म्हणजे मलमही कमी लागतं.

---

दोघांची_आई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, खूप आभार. पट्टी वाचली. कम्फर्ट ९°, लिमिट ५° निघालं! ब्लँकेटं आणि जास्तीच्या फोम मॅट भरायच्या असं नवऱ्यानेही मान्य केलंय. निखारे तर नाहीच.

अजून तीन शंका आहेत. शेकोटी करावी की नाही? मुलं हिंडताना हरवली तर, यासाठी काय शिकवून ठेवू? आणि गडगडाट सुरू झाला तर तंबूत बसायचं का?

---

रानवाट

ताई, शेकोटीचं आधी. मुलीची हौस मला कळते. पण मुलाच्या छातीत घरघर होते, आणि लाकडाचा धूर हे अशा मुलांची घरघर सुरू होण्याचं अगदी नेहमीचं कारण. "वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसवू" असं आपण म्हणतो, पण संध्याकाळी वारा दर दहा मिनिटांनी बाजू बदलतो आणि धूर बसलेल्यांच्या मागे मागे फिरतो. थंडी, दमणूक, नवी जागा हे आधीच आहे, त्यात धूर घालू नये. माझं स्पष्ट मत: या खेपेला पहिल्या रात्री शेकोटी नको. दुसऱ्या दिवशी मुलाची छाती स्वच्छ असेल आणि तिथे शेकोटीला परवानगी असेल, तर लहानशी करा. बाबा आणि मुलगी शेकोटीपाशी, तुम्ही आणि मुलगा लांब, तंबूच्या बाजूला. मुलीला आत्ताच, घरीच हे सांगा. आधी सांगितलं तर मुलं समजून घेतात, ऐन वेळी सांगितलं तर रडारड होते. तिला काटक्या आकारांप्रमाणे लावायचं काम द्या, सगळ्यांत बारीक करंगळीहून बारीक, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या. त्यातच तिचा दिवस जाईल.

शेकोटीभोवती दगडांचं एक मोठं रिंगण आखा, मोठ्यांच्या चार पावलांवर. त्याच्या आत पळायचं नाही, हा एकच नियम. आणि विझवताना वाळू किंवा माती लोटून मोकळं होऊ नका. माती वर पांघरूण होऊन बसते, आतले निखारे सकाळपर्यंत धगधगत राहतात, आणि वरून काहीच दिसत नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठलेलं मूल अनवाणी जाऊन नेमकं तिथेच पाय ठेवतं. मुलांचं भाजणं बऱ्याचदा या आदल्या रात्रीच्या शेकोटीनेच होतं. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. हात जवळ नेऊन ऊब लागत नाही इथपर्यंत.

हरवण्याबद्दल. कॅलिफोर्नियात १९८१ मध्ये कुटुंबाबरोबर डोंगरात गेलेला नऊ वर्षांचा एक मुलगा भावांपासून दुरावला आणि थंडीने गेला. त्याच्या शोधात असलेल्यांपैकी काहींनी त्यानंतर मुलांसाठी एक शिकवण सुरू केली, "हग अ ट्री" म्हणजे झाडाला मिठी मार. सगळा गाभा असा: हरवलो असं वाटलं की चालणं थांबवायचं, एक झाड निवडायचं आणि तिथेच राहायचं. मूल चालत राहिलं की शोधायचं क्षेत्र दर तासाला वाढत जातं. एका जागी थांबलेलं मूल सापडतं. मिठी मारायला सांगतात ते एवढ्याचसाठी की हाताला काहीतरी धरायला मिळालं की घाबरलेलं मूल शांत होतं.

दोघांच्या गळ्यात शिट्टी घाला. नाडी अशी हवी की ओढली गेली तर सुटेल, गळ्याला फास बसणार नाही, आणि झोपताना ती काढून ठेवायची. तीनदा फुंकणं ही मदतीची खूण, बऱ्याच ठिकाणी ओळखली जाते. घरी याचा खेळ खेळा, म्हणजे शिट्टी मजेत वाजवायची नाही हेही त्यांना कळतं. आणखी दोन गोष्टी मुलांना सांगाव्याच लागतात. एक, हरवल्याबद्दल आई-बाबा रागावणार नाहीत, कधीच. रागाच्या भीतीने मुलं हाकेला ओ देत नाहीत, लपून बसतात. दोन, अशा वेळी तुझं नाव घेऊन हाक मारणारा माणूस अनोळखी असला तरी ओ द्यायची. आपण एरवी अनोळखी माणसांशी बोलू नको शिकवतो, तेच तिथे आड येतं. रोज सकाळी दोघांचा कपड्यांसकट एक फोटो काढा आणि एक बुटाच्या तळव्याचा. शोधायची वेळ आलीच तर शोधणाऱ्यांना ठसा माहीत असणं फार उपयोगी पडतं. कपडे गडद हिरवे, तपकिरी नकोत, केशरी, लाल, पिवळे घाला.

तीन वर्षांच्याला यातलं सगळं पेलणार नाही. त्याच्यासाठी उपाय एकच: कुणीतरी एक मोठा माणूस, तोंडाने बोलून नेमलेला. "आता तू बघतोयस" असं म्हणायचं आणि समोरच्याने "हो, मी बघतोय" म्हणायचं. दोघंही तिथे असतात आणि दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय, मुलं निसटतात ती त्या वेळी. ओढा जवळ आहे म्हणून हे जास्तच सांगते. पाणी घोट्याएवढं असलं तरी तीन वर्षांच्याला त्यात एकटं सोडायचं नाही.

गडगडाट. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत ऐकू आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पण मुलं बरोबर असताना मोजत बसू नका, पहिला गडगडाट ऐकला की उठा. तुमची गाडी पाच मिनिटांवर आहे. लोखंडी छताची गाडी, काचा वर, सगळे आत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. रात्री हे करावं लागलं तर मुलांचे बूट आणि रेनकोट तंबूच्या दाराशी एका पिशवीत तयार हवेत, आणि गाडीची किल्ली कुठे आहे हे दोघांनाही माहीत हवं. एकट्या उंच झाडाखाली थांबायचं नाही.

---

सॅक_पाठीवर

घरघर करणारं मूल असेल तर रानवाट म्हणतात ते बरोबर, मी मुलीचाच विचार करून लिहिलं होतं. शेकोटीऐवजी पहिल्या रात्री टॉर्चवर पाण्याने भरलेली पांढरट प्लास्टिकची बाटली उपडी ठेवा, सगळा तंबू मंद उजळतो. भोवती बसून गोष्टी सांगता येतात. मुलीला तिथे तिचीच गोष्ट सांगू द्या, अंधाराचा विसर पडतो.

---

दोघांची_आई

बाटलीचं तिला आत्ताच करून दाखवलं, खूश आहे. शेकोटी दुसऱ्या दिवशी, तेही भावाची छाती चांगली असेल तर, हे तिने मान्य केलंय आणि काटक्या लावायचं काम स्वतःकडे घेतलंय.

एक राहिलं. रात्री अंथरूण ओलं झालं तर? ओली बॅग आणि पाच अंश, याचीच धास्ती वाटते.

---

रानवाट

त्याची सोय आधीच करून ठेवली की धास्ती उरत नाही. रात्रीपुरता त्याला डायपर घाला, घरी बंद केला असला तरी. दोन रात्रींनी सवय मोडत नाही. त्याला सांगताना "तंबूत सगळ्यांनाच बाहेर जायला लांब पडतं" एवढंच सांगा. बॅगेत त्याच्याखाली घडी केलेला जाड टॉवेल, टॉवेलखाली पाणी न झिरपणारं कापड. उशाशी एका पिशवीत त्याच्या कपड्यांचा पूर्ण कोरडा जोड, ओले पुसायचे रुमाल आणि ओलं टाकायला एक घट्ट बंद होणारी पिशवी, हाताला अंधारात लागेल अशी. एक ब्लँकेट फक्त याच कामासाठी वेगळं ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. बॅग ओली झालीच तर त्याला तुमच्या बॅगेत घ्या, वर ते ब्लँकेट, आणि ओली बॅग सकाळी उन्हात.

पाणी संध्याकाळी कमी करू नका, थंडीतही मुलांच्या अंगातलं पाणी कमी होतं. दिवसभर भरपूर पाजा, म्हणजे रात्री तहान उरत नाही. झोपायच्या आधी दोघांनाही एकदा नेऊन आणा, आणि तुम्ही स्वतः झोपायला जाल तेव्हा त्याला उठवून आणखी एकदा. त्या वेळी स्वच्छतागृहापर्यंत उतरायची गरज नाही. झाकणाचं पॉट तंबूच्या ओसरीत ठेवा, सकाळी स्वच्छतागृहात रिकामं करायचं. मुलीलाही ते वापरू द्या. अंधारात उतारावरून जायचं नाही म्हटल्यावर ती "मला लागलीये" हे न घाबरता सांगेल.

तंबू घरी कधी लावताय ते ठरवा. त्या रात्री हे सगळं एकदा करून बघा, पॉटसकट.